मोडक्या

हत्तुरे काकूंकडे शंभर भाकऱ्यांमागे पैसे ठरलेले.
पातळ थापायची, तव्यावर भाजायची,
मग निखाऱ्याच्या कडेला उभी ठेवायची
पापडासारखी वाजेपर्यंत.
दहांचं एक पाकीट. पाकिटावर सिद्धेश्वराचं देऊळ,
तळ्यासकट.
पाकीट पुण्याला जातं, कुणाच्या बॅगेतून विमानानं जातं.
मोडकी कुठे जात नाही.

काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
"मोडतील त्या ने घरी. पोरं आहेत तुला."

तर आमचं घर मोडक्यांवर चालू झालं.
ज्वारी एकदा वर चढली ती खाली बघायला तयार नाही,
ह्यांचा टॉवेलचा कारखाना आठवड्यातून तीन दिवस,
उरलेले दिवस हे कारखान्याच्या दाराशी बसून येतात.
मोडक्या आमटीत कुस्करायच्या.
आमटी म्हणजे पाण्याला डाळीची ओळख करून द्यायची,
आणि पाणीही चौथ्या दिवशी येतं,
म्हणून ओळख जपून.
चटणीत शेंगदाणे निम्मे, डाळवं निम्मं,
लसूण जरा जास्त,
म्हणजे जीभ विचारत बसत नाही.
सोमवारी हुलग्याचं माडगं.
मल्लू म्हणतो, हे घोड्याचं खाणं.
मी म्हणते, म्हणून तर घोडा पळतो.

शिवलीला शाळेतली खिचडी डब्यात घेऊन येते.
"माझं पोट भरलं होतं," म्हणते.
पोट भरलेली पोरगी
डब्याचं झाकण चाटत नाही.
मी बोलत नाही. दानूला भरवते.

संध्याकाळी तिघं दारात.
"आज किती मोडल्या?"
बावीस म्हटलं की नाचतात.
दुसऱ्यांची पोरं आईला विचारतात काय आणलंस,
माझी विचारतात
काय मोडलंस.

पण हात बसत गेला.
बावीसच्या बारा झाल्या, बाराच्या सात.
पाणी किती ऊन, कड कुठे जाड राहिली,
बोटांना आपोआप कळायला लागलं.
काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या,
"नीलव्वाचा हात बघा गं. तीनशेत दोन!"
बायकांनी बघितला हात.
मीही बघितला.
असला गुणी हात,
आणि संध्याकाळी पिशवीत दोन.

दिवाळीची सुट्टी लागली, खिचडी बंद.
त्या दिवशी थप्पी लावताना
अंगठा एका भाकरीच्या मधोमध होता.
सुगलाबाईची पाठ माझ्याकडे, काकू फोनवर.
नाव कडक, पण तिला मोडायला फार लागत नाही.
जरासा भार दिला असता तरी.

अंगठा उचलला.
इमान वगैरे काही नाही.
इतकी गोल झाली होती ती.

शनिवारी पगारातून एक अख्खं पाकीट घेतलं.
काकूंनी पाच रुपये कमी लावले, वर म्हणाल्या,
"खुळी का तू, स्वतःच केलेल्या विकत घेतीस?"

थाळीत एक ठेवली.
तिघं भोवती बसली, हात कुणी लावेना.
मल्लूनं वाकून वास घेतला.
शिवलीला म्हणाली, ही पाहुण्यांना ठेवू.
दानू म्हणाली, "कुणाची आहे?"
"आपली."
"पण ही तर मोडली नाही."

मी काय सांगणार.
तिनंच मूठ वर केली आणि आपटली,
थाळीभर तुकडे, दोन चुलीपर्यंत गेले.
"आता आपली," म्हणाली.

हे हसले. कितीतरी दिवसांनी.
शिवलीलेनं कुणाला न विचारता
सगळ्यात मोठा तुकडा उचलला.

नऊ उरल्या.
पाकीट दोऱ्यानं बांधून वरच्या फळीवर ठेवलं,
दानूचा हात पोचत नाही तिथं.
मल्लूचा पोचतो.