आतलं मूळचंच

केर्सी दस्तूर, दातांचा डॉक्टर, ताडदेव.
गाडी आत घेतली तेव्हा इतकी गप्प
की तुळाजीला वाटलं, ढकलत आणली.
हायब्रीड. दीड लाख किलोमीटर.
"टर्बो बसव," म्हणाला, "पण आत हात घालायचा नाही.
पिस्टन, रॉड, क्रँक, सगळं कंपनीचंच राहू दे."

प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला.
पिस्टनच्या डोक्यावर तपकिरी साय,
भिंतीवर कारखान्यातल्या तिरक्या रेघा अजून शाबूत.
रॉड दिसत नाहीत, पण ओळखीचे आहेत:
बारीक मनगटांचे, काटकसरीसाठीच घडवलेले.
हे इंजिन हवा आत घेतं
आणि थोडी परत देतं, झडप उशिरा मिटून,
पाहुण्यानं अर्धा लाडू ताटातून काढून ठेवावा तसं.
उरलेल्याचं मात्र कणाकणाचं चीज करतं.

अशाला आग्रह करायचा.
किती, एवढाच प्रश्न.

कुर्ल्यातून टर्बो मिळाला, भंगारातल्या डिझेलचा,
मुठीएवढा. पंखा बोटानं फिरवला,
थांबायलाच तयार नव्हता.
अल्ताफनं लेथवर फ्लँज तीनदा उतरवली,
तिसऱ्यांदा शिव्या न देता.

रात्री दोनला लक्षात आलं, अडचण दाबाची नाहीच.
अडचण थांबण्याची आहे.
सिग्नलला ही गाडी इंजिन बंद करते, कुणाला न विचारता.
टर्बो मात्र फिरतच असतो, तापून लाल,
आणि तेल जागच्या जागी उभं.
उभं तेल जळतं, त्याची काजळी होते.
म्हणजे सायनच्या सिग्नलला
गाडी शांत, एसी गार,
आणि बोनेटखाली कुणीतरी
कोरड्या घशानं पळतंय.

केर्सीला सांगितलं. तो म्हणाला,
"माझे पेशंट असेच. तोंड उघडं, आवाज नाही,
आणि बुटात पायाची बोटं आखडलेली."

मग विजेवरचा छोटा तेलपंप लावला,
इंजिन झोपल्यावर नव्वद सेकंद चालणारा.
तुळाजी त्याला आजारी मांजर म्हणतो.

गॅरेजसमोरच्या बिल्डिंगवर दोन मजले चढतायत.
पाया जुनाच.
पांढऱ्या टोपीतला माणूस रोज सकाळी येतो,
खांबावर थाप मारतो, म्हणतो, घेईल.
त्या दिवशी मीही इंजिनाच्या झाकणावर थाप मारली.
म्हणाले काहीच नाही.

पहाटे साडेतीन, ईस्टर्न फ्रीवे.
केर्सी चालवतोय, मांडीवर माझा लॅपटॉप,
कानांवर हेडफोन, वायर थेट ब्लॉकवरच्या माइकला.
माहुलची ज्योत लांब, एका बाजूला कललेली.
शून्य पॉइंट दोन बार. फुंकर ऐकू येते.
पॉइंट तीन. इंजिन एकाच सुरावर अडून
आणि वेग मात्र वाढत जातोय,
अशा गाड्यांचं असंच असतं,
कष्ट एकीकडे दिसतात, रस्ता दुसरीकडे सरतो.
केर्सी हसायला लागला, लहान पोरासारखा, दात न दाखवता.
पॉइंट चार.

टिक.

खिशात दोन नाणी घासल्याएवढं.
मग पुन्हा.

"पाय सोड."
"का? अजून जाईल ना?"
"जाईल."
"मग?"
"जाईल, आणि येणार नाही."

तो रागावला असावा. चेंबूरपर्यंत बोलला नाही.
मी मनातल्या मनात सगळ्यात मऊ स्प्रिंग लावून टाकली,
पॉइंट तीनला दार उघडणारी.
बिलात तिचे साठ रुपये लिहीन.
बाकी सगळ्यापेक्षा तीच महाग, हे लिहिणार नाही.

सिग्नल लाल. इंजिन गेलं.
आजारी मांजर घरघरू लागलं.
मागे तुळाजी मोजायला लागला, हळू,
आणि चाळिसाच्या आसपास कधीतरी केर्सीही.
साठाला हिरवा झाला.
मागे कुणी नव्हतं.
नव्वद होईपर्यंत
केर्सीनं गाडी हलवली नाही.