चौऱ्याण्णव टक्के

रात्री दोनला लिलावघराचे दिवे घालवले,
माझ्या खोलीतला तेवढा ठेवला.
खाली बर्फाचं यंत्र घुरघुरतंय,
जिन्यात कालच्या हॅडॉकचा वास,
आणि क्लाक्सविकच्या धक्क्यावर वारा असा
की खिडकीची काच एकाच सुरात गुणगुणते.

सहाला पहिली बोट लागेल. त्याआधी
डेटाबेसची नवी आवृत्ती चढवायची आहे.
म्हणून आधी स्नॅपशॉट.

हानुसनं शिकवलं मला हे,
निवृत्त व्हायच्या आदल्या हिवाळ्यात.
"एलव्ही-क्रिएट," तो म्हणायचा, एकेक अक्षर
गळाला आमिष लावावं तसं,
"मग डॅश, लहान एस. मोठा नाही.
मग आकार. मग नाव. नाव नीट दे, सुन्नुवा,
निनावी वस्तू कोणी सांभाळत नाही."

मी विचारलं होतं, एवढ्या सगळ्याची नक्कल
पापणी लवायच्या आत कशी होते?
होतच नाही, म्हणाला.
त्या घटकेला काहीच उचललं जात नाही,
नुसती खूणगाठ बांधली जाते.
पुढे कोणी एखादा कप्पा पुसायला आला
की त्याला दारात थांबवायचं,
जुनं तेवढं उचलून बाजूला ठेवायचं,
मग म्हणायचं, हां, लिही आता.
जे बदललं नाही ते दोघांत सामाईक.
जेवढं बदलेल तेवढीच जागा लागते जुन्याला.

"आणि बॅकअप समजू नकोस ह्याला.
डिस्क बुडाली की दोन्ही बुडाली."
हे म्हणताना तो खिडकीबाहेर बघत नव्हता.
मी बघितलं होतं.

आज यादी मागवली
तर माझ्या सात ओळींच्या खाली एक आठवी.
नाव नीट दे म्हणणाऱ्यानं
नावाच्या जागी नुसती तारीख घातलेली,
चार वर्षांपूर्वीची, नोव्हेंबरातली.
चौऱ्याण्णव टक्के भरलेली.

वाचण्यापुरती जोडली. काही लिहिता येणार नाही अशी.
बोटींची नोंदवही उघडली.
लोमविगिन.
तांडेल: एयुन. हानुसचा धाकटा भाऊ.
स्थिती: समुद्रात.
परतण्याची वेळ: उद्या, चार.

चालू वहीतली तीच ओळ मी कितीदा पाहिली आहे.
तिथे स्थितीच्या रकान्यात जो शब्द आहे
तो हानुसलाच टाइप करावा लागला,
तेव्हा ह्या खुर्चीवर दुसरं कोणी नव्हतं.
त्याआधी बारा मिनिटं
त्यानं ही एक आज्ञा दिली होती.
एस लहान.

अडीचला फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला.
"किती टक्के?"
कशाचे, हेही मी सांगितलं नव्हतं पुरतं.
चौऱ्याण्णव.
म्हटलं, वाढवता येईल, दोन गिगाबाइट मोकळे आहेत,
एका ओळीचं काम.
त्याच्याकडे किटली शिट्टी मारत होती. ती त्यानं मारू दिली.
भरलं की काय होतं ते दोघांनाही ठाऊक:
"अवैध" एवढा एक शब्द,
आणि मग आतलं काहीच उघडत नाही.

"महिन्याला किती चढतं?"
दोन टक्के. मासळी बरी लागली तर.
"कॉड लागतोय?"
लागतोय.
"मग असू दे. भरेल तेव्हा भरेल."
आणि जरा वेळानं,
"चारच वाजताचं आहे ना अजून त्यात?"
हो.
"बरं."

फोन ठेवून मी आजचा काढला.
नाव दिलं, तारीख दिली,
आकार थोडा सैलच ठेवला.
तयार झाला, अशी एक ओळ पडद्यावर आली.
खाली बर्फाचं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.
आवृत्ती चढवायला घेतली,
आणि पहिला कप्पा बदलला तेव्हा
आठव्या ओळीत, चौऱ्याण्णवच्या पुढे,
दशांशचिन्हाच्या पलीकडे कुठेतरी
एक आकडा हलला.