एसी बंद करावा लागतो

गुदैबियाच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या माडीवर
आज तीन नाटकं. वीस-वीस मिनिटांची.
खुर्च्या सतरा. आम्ही नऊ,
त्यातला एक चुकून आलेला, पण बसला.

तिसरी घंटा म्हणजे स्टीलच्या पेल्यावर चमचा.
मग इद्रिस एसी बंद करतो,
नाहीतर संवाद ऐकू येत नाहीत.
ऑगस्टात घाम आणि नाटक एकदमच सुरू होतं.

पहिलं कळलं नाही. मल्याळम होतं.
एक बाई नसलेल्या दोरीवर नसलेले कपडे वाळत घालत होती.
शेवटचा सदरा तिनं पुन्हा उतरवला,
झटकला, परत घातला.
तेवढं कळलं.

दुसरं वाईट. खरंच वाईट.
टाळ्या मीच जास्त वाजवल्या,
कारण बापाचं काम करणारा वामन केरकर
सकाळी माझ्याच साइटवर परांची बांधत होता
आणि पट्ट्याचे वळ खांद्यावर तसेच होते.
नाटकातल्या बापाला ते शोभले,
संवाद नाही शोभले.

तिसऱ्यात वीज गेली.
आम्हाला वाटलं, नाटकातलाच काळोख. दाद दिली.
नटी बोलतच राहिली,
खाली कुणाच्या तरी चाकात हवा भरली जात होती,
आणि तो चुकून आलेला माणूस
मोबाइलचा उजेड तिच्यावर धरून उभा राहिला,
हात न हलवता, शेवटपर्यंत.

जिन्यात इद्रिसनं विचारलं, कसं झालं?
शर्ट पाठीला चिकटलेला.
म्हटलं, पुढच्या गुरुवारी आहे ना?