हलकंफुलकं लिहा

अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक म्हणाले,
बाई, बालपण हलकंफुलकं लिहा,
दोनशे पानं पुरेत,
मुखपृष्ठावर तुमचे दात.

तर, दात आधी आले आणि मी मागून.
खडकी बाजारात आडनाव घोडके असताना
असे दात असणं म्हणजे
पोरांना काही कष्टच नाहीत.
दुसरीत मी स्वतःच खिंकाळायला शिकले,
त्यांच्या आधी.
मग त्यांना करण्यासारखं काही उरायचं नाही.
धंद्याचं गुपित एवढंच, बाकी मेकअप.

वडील दारूगोळा कारखान्यात, चाचणी विभागात.
डावा कान गेलेला, उजवा जायच्या वाटेवर.
भोंगा झाला की आम्ही घड्याळ लावायचो,
ते आमच्या तोंडाकडे बघून ओळखायचे, झाला.
त्यांना विनोद सांगून उपयोग नव्हता,
करून दाखवावा लागे.
रॉकेलच्या मापात बोट बुडवणारा बन्सीशेठ,
पीएमटीच्या पायरीवरून सुट्ट्यांसाठी भांडणारा कंडक्टर,
चष्मा पुसत रागावणाऱ्या डिसूझा मिस.
डोळे, भुवया, ढोपरं, सगळी कामाला.

आई मिरची कांडपावर.
चैत्र-वैशाखात रोज दहा तास.
घरी यायची तेव्हा पापण्यासुद्धा लाल,
आम्ही लांबूनच शिंकायला लागायचो.
आणि तिचा तो ठसका:
आधी नाकात एक बारीक शिट्टी,
मग खांदे वर, मग पदर तोंडावर,
मग फळीवरची भांडी.
एका संध्याकाळी तिच्यामागे उभी राहून
मी तस्सा काढला, आवाज न करता.
वडील ताटावरून उठून हसले.
आई वळली, तिने पाहिलं, तीही हसली,
हसता हसता तिला खराच लागला.
ते मी पाहिलं नाही.
मी वडिलांकडे पाहत होते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
गॅदरिंग, एकांकिका,
सदाशिव पेठेतल्या परीक्षकांनी माझा ण दुरुस्त केला,
मी त्यांचा आवाज उचलून आणला.
मग टीव्ही, मग ठसकाबाई.
लक्ष्मी रोडवर साडीवाला सूट देतो,
बदल्यात एक ठसका.
ससूनमध्ये आईच्या खाटेपाशी
वॉर्डबॉयने मोबाइल काढला,
'मॅडम, एकच.'
मी दिला.
हे प्रकाशकांना कळवलेलं नाही.

ती जाऊन वर्ष झाल्यावर वडील पहिल्यांदा प्रयोगाला आले.
पहिली रांग, कडक इस्त्रीचा शर्ट,
कानाचं यंत्र खिशात.
मी शिट्टी काढली, खांदे उचलले, पदर घेतला.
ते माझ्याकडे बघतच नव्हते.
मान वळवून मागे,
नऊशे उघड्या तोंडांकडे.

होळकर पुलावर रिक्षा अडकली तेव्हा बोलले,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं,
अख्ख्या पुलाला ऐकू जाईल असं:
'खांदे बरोबर होते.
पण ती नंतर पाणी मागायची.
तू पाणी विसरलीस.'

तेव्हापासून मागते.
न बोलता, विंगेकडे हात पुढे करून.
सगळ्यात मोठा हशा तिथे येतो.