वाऱ्याचा डोळा

रावपुऱ्यात, औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
हेतलबेन पत्त्यांसारखी चित्रं मांडते
बाबांच्या पुढ्यात. पहिलं उचलून,
"काका, आ शुं छे?"

बाबा बघतात. उजवा ओठ अजून झोपलेला.
शब्द अर्ध्या जिन्यापर्यंत येतो
आणि काहीतरी विसरल्यासारखा परत वळतो.
मग म्हणतात, "वाऱ्याचा... डोळा."

ती फुली मारते. "ना, काका. बारी. खिडकी."
मी खुर्चीत सरकते. कसं सांगू तिला,
की विंडो हा शब्द फोडला की आत हेच निघतं,
उत्तरेकडच्या कुण्या थंड घरात
भिंतीला भोक पाडून ठेवलेला वाऱ्याचा डोळा;
की सदतीस वर्षं आठवी 'ब'च्या पोरांना
खडूच्या धुरळ्यात हे दाखवणारे गुप्ते सर ते हेच,
जेवतानाही वरणात बोट थांबवून विचारणारे,
"गवाक्ष म्हणजे? बैलाचा डोळा!
तिकडे वारा बघतो, इकडे बैल."
आणि आई म्हणायची, भात निवतोय, त्याच्याकडे बघा जरा.

पुढचं चित्र: पैलवानाचा दंड.
"उंदीर." अगदी ठामपणे.
हेतल काळजीने माझ्याकडे वळते.
बरोबर आहे हो त्यांचं, मी म्हणते, लॅटिनमध्ये
मसल म्हणजे छोटा उंदीर, कातडीखाली पळणारा.
"पण बाबा, आपल्याकडे?"
ते डावा हात वाकवतात. सैल बाहीत
काही हलतं न हलतं.
"बे... बेडकुळी."
हेतलची पेन्सिल हवेतच.

एमआरआयच्या फिल्मवर डाग हरभऱ्याएवढा होता.

गाव कोणतं, तर "पोट".
कसलं पोट, काका?
"वडाचं."
हे मात्र तिला कळलं. तिच्याही शाळेत कुणीतरी
वटोदर फोडून दाखवलं असणार.
ती पहिल्यांदा हसली आणि अर्धा गुण दिला.

मग माझ्याकडे बोट. "अने आ कोण?"

माझं नाव तीन अक्षरी आहे, जोडाक्षर एकच.
पहिलं अक्षर ओठांनी दाखवावं असं वाटलं, दाखवलं नाही.
खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.
बाबा बघत राहिले, बघत राहिले.
"दूध," म्हणाले.

"भूख लागी हशे," म्हणत ती उठली,
आतून पेला घेऊन आली.
दुहिता म्हणजे दूध काढणारी,
डॉटरही त्याच घराण्यातली, असं ते मानत;
पंडितांचं यावर भांडण आहे, हेही तेच सांगत.
मी बँकेत आहे. गाईच्या जवळ कधी गेलेले नाही.

बाबांनी डाव्या हाताने
पेला माझ्याकडे सरकवला.
वर साय धरली होती.
मी प्यायले.