दोन किलो कोलम

नेरूळला सोसायटीच्या हॉलमध्ये
केतकीनं सतरंजी अंथरली, पंखे लावले.
भिंतीवरची मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी तशीच राहू दिली.
खेळ चार तासांचा.
चिठ्ठीत निघेल ते माणूस व्हायचं.
सहन झालं नाही तर दोन्ही हात डोक्यावर.

बाळ म्हणजे पंचात गुंडाळलेले दोन किलो तांदूळ,
माझ्याच घरचे, कोलम.

आई निघाली रोशन म्हात्रेला.
तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या मोजतो,
लग्न व्हायचंय.
पुडकं त्यानं खांद्यावर टाकलं गोणीसारखं
आणि सगळे हसले.

माझ्या चिठ्ठीत: शेजारीण. तिला सगळं कळतं.
सोबत दहा चिंचोके,
बोललं की एक टाकायचा आईच्या डब्यात.

पाठ काही केलं नव्हतं.
तरी वाक्यं आली तेल घातल्यासारखी:
टोपडं नाही? पंख्याखाली?
वरचं दूध, इतक्यात?
नाही, नोकरी करावी हो, आमचं काही म्हणणं नाही.
आवाज तळमजल्याच्या दिघेकाकूंचा.
'अगं' म्हटल्यावर त्या घ्यायच्या तो श्वाससुद्धा
मी नऊ वर्षं सांभाळला होता,
बरणीला दादरा बांधून.

अर्ध्या तासात चिंचोके संपले.
आत्या झालेल्या मुलाकडून चार उसने घेतले.

म्हात्रे आधी उत्तरं द्यायचा.
मग नुसता डबा पुढे करायला लागला,
कंडक्टरसारखा.
मग पुडकं खुर्चीवर ठेवलं,
हात डोक्यावर नेले नाहीत,
चपला सरकवल्या
आणि खाली गेला चहाला.

हे नियमात बसतं का,
केतकी कागद चाळत राहिली.
सासू, बॉस, डॉक्टर, आत्या, बसमधली बाई,
सगळे खुर्चीकडे बघत.
उचलायचं कुणाच्याच चिठ्ठीत नव्हतं.
पुडकं कलंडलं तेव्हा मी धावले.
एक हात आपसूक मानेखाली गेला.
तिथे मान नव्हती.

म्हात्रे आला. म्हणाला,
आमची आय पहाटे चारला पाटी घेऊन निघायची.
आम्ही आजीकडं.
मला वाटायचं, लोक तिला बोलतात म्हणजे
आणि चिठ्ठीची घडी घालत बसला,
घडीवर घडी, होईना तोवर.

घरी मुलीनं विचारलं, कसला खेळ?
म्हटलं, भातुकलीसारखाच.
तांदूळ परातीत ओतले, निवडायला घेतले.
एक चिंचोका निघाला.
माझा की उसना,
दिव्याखाली धरून पाहिला.