उभ्या गाडीचं दव

पहिला प्रश्न मी किलोमीटरचा विचारला नाही.
सांगलीत जुनी गाडी घेताना
पहिला प्रश्न एकच :
एकोणीसच्या पुरात कुठं होती?

सुकुमार आवटींनी शटर अर्धंच उचललं.
गणपती पेठ, हळदीचं गोदाम,
भिंतीवर माझ्या कपाळाच्याही वर
पाण्यानं ओढून ठेवलेली तपकिरी रेघ.
रेघेखाली ती, जुन्या चादरीत,
लाल, इटलीची,
इंजिनाच्या फटीफटींत पिवळी भुकटी.
हळद लागलीय, मी म्हटलं.
दस्तगीर कानाशी कुजबुजला,
असलं बोलू नका ताई, भाव वाढतो.

दस्तगीर शिकलगार, मिरजेचा.
बाप सतारीची जवारी काढायचा,
हा टॅपेट बघतो.
म्हणतो, काम तेच, कागदाएवढी फट.
या गाडीला व्हॉल्व्ह मिटायला स्प्रिंग नाही,
उघडणारा हात वेगळा, मिटणारा वेगळा,
दोघांची फट वेगवेगळी मोजायची.
बारा हजारांना मोजायची होती, शेठ. मोजली?

शेठ म्हणाले, चाललीच चार हजार.

आणि बेल्ट?

चाललीच नाही तर बदलायचे कशाला?

शेठ, दस्तगीर म्हणाला,
बेल्ट बसूनसुद्धा म्हातारे होतात.

यावर शेठ स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

टायरला नक्षी भरपूर, पण जन्मसाल चौदा.
बॅटरी मेलेली.
टाकी प्लास्टिकची, कडेला किंचित फुगलेली,
इथेनॉल पिऊन फुगतात या.
आणि आपल्या पंपावर तर आपलाच ऊस.
सर्व्हिस पुण्याला, सुटा भाग तिकडून,
आला तर दोन महिन्यांत.
मी वहीत लिहीत होते.
प्रत्येक उत्तराखाली एक आकडा,
आकड्याखाली माझा पगार.

मी मिरजेला रक्त तपासते, वीस वर्षं झाली.
माणसं सांगतात एक, नमुना सांगतो दुसरं.
सिरिंजला सलाइनची नळी लावली,
इंजिनातलं तेल ओढलं, पाच मिली.
शेठ हसले : शुगर बघता काय तिची?

रात्री, शेवटचा रिपोर्ट गेल्यावर,
मशीनमध्ये दहा मिनिटं फिरवलं.
तेल वर राहिलं.
तळाला पाणी, नखाएवढं.
म्हणजे बुडाली होती.
मी परीक्षानळी उजेडात धरून बसले,
राग आला, शेठचा नाही,
आपण त्या लाल रंगाला आधीच हो म्हटलेलं, त्याचा.

सकाळी दस्तगीरनं नळी तिरकी केली, सरळ केली.
ताई, गाळ कुठाय?
कृष्णा आत गेली असती
तर चिखल ठेवून गेली असती,
प्रत्येक घरात ठेवलाय तिनं.
हे नुसतं दव.
गरम न होता उभं राहिलं की आतून सुटतं.

मग शेठना परत विचारलं, नीट.

म्हणाले, बावन्नाव्या वर्षी घेतली,
आठ वेळा चालवली.
नवव्या वेळी कोल्हापूर रोडला एका ट्रकनं हूल दिली.
घरी आलो, चादर घातली.
पूर आला त्या रात्री सहा हमाल होते हाताशी.
म्हटलं, आधी हिला माळ्यावर.
दोरानं ओढली.
तोवर पाणी उंबऱ्यात.
एकशे दहा पोती हळद खाली राहिली.
तीन दिवस पेठेतलं पाणी पिवळं होतं म्हणतात.
बायको अजून
आमटीला फोडणी देताना हळदीचा डबा जरा जोरात आपटते.

फ्रेमवर दोराचे वळ होते, मी बोट फिरवलं.
भावाचं पुढं फार ताणलं नाही.
बेल्टचे पैसे तेवढे कापून घेतले.

चालवत नेऊ? मी विचारलं.
दस्तगीर म्हणाला, एक फेरासुद्धा नाही.
बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर येतील,
मग वाजेल ते शेवटचंच.

म्हणून माझी पहिली इटालियन गाडी
छोट्या हत्तीतून निघाली, मिरजेकडे,
दोन्ही बाजूंना रिकामी पोती कोंबून.
मी मागं तिच्याशेजारी उभी, हँडल धरून,
हेल्मेट घातलेलं.
विजयनगरच्या सिग्नलला
एका शाळकरी पोरानं विचारलं,
मावशी, बंद पडली का?

नाही रे, म्हटलं,
अजून सुरूच नाही केली.